डागी तुकडे

माझी पत्नी गेली तेव्हा जेवणाच्या टेबलावर एक जिगसॉ अर्धा लागलेला होता. हजार तुकड्यांचं ते चित्र कुणा आजच्या चित्रकाराचं होतं. जवळजवळ सगळं पांढरं, फक्त खालच्या कोपऱ्यात तपकिरी शिंतोडे. देवळं-डोंगर जुळवणं म्हणजे उत्तर बघून गणित सोडवणं, असं ती म्हणायची. चौकट आणि वरचा भाग तिने लावला होता.

वर्षश्राद्ध जवळ आलं. सुरतेहून लेकीने फोनवर सांगितलं, पाहुण्यांना टेबल लागेल, ते डब्यात भरून ठेवा. तिचं बरोबर होतं. पण डब्यात भरायचं म्हणजे पत्नीने लावलेलं मोडायचं. निदान त्याआधी ते पुरं करावं, असं मी ठरवलं. माझी नोकरी ग्रंथपालाची. पुस्तकं जागेवर लावता येतात, हे जमेना. आठवडाभरात नऊ तुकडे लागले.

आमच्या डहाणूच्या वाडीत चिकू निवडणाऱ्या एक बाई आहेत. माहेर तलासरीकडे झरीला, पण गेली पंचवीस वर्षं वाडीवरच राहतात. गप्पा मारता मारता, न बघता लहानमोठे चिकू वेगळे करतात. माझी दशा बघून त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही रंग शोधता. याच्यात रंग आहे कुठे? हाताला विचारा."

दुसऱ्या दिवसापासून त्या दुपारी तासभर येऊ लागल्या. आल्या आल्या त्यांनी कडेला आलेल्या गोल कानांवरून तुकड्यांचे ढीग केले: एका कानाचे, दोन कानांचे, बिनकानांचे. मी जागा दाखवायची, त्यांनी तुकडा चाचपून द्यायचा. पाचव्या दुपारी पांढरं संपलं. खालचा कोपरा मात्र चौकटीच्या आत रिकामाच. मी डबा झटकला, टेबलाखाली वाकून पाहिलं. तपकिरी तुकडा एकही नव्हता.

"ते होय," बाई म्हणाल्या. "डागी होते. पहिल्याच दिवशी काढले मी."

एक डागी फळ राहिलं तर सगळा क्रेट नासतो, हे त्यांच्या हातात भिनलेलं. ते तुकडे त्यांनी शेडमधल्या डागी चिकूंच्या टोपलीत टाकले होते, आणि ती टोपली भरली की गुरांपुढे जाते. आम्ही दोघं पंधरा वर्षांत चाललो नसू इतक्या वेगाने शेडकडे निघालो. टोपली अजून अर्धीच होती. पिचलेल्या चिकूंतून एकेक तुकडा काढून पुसला. सगळे सापडले.

"वहिनींनी मला हाकललं असतं," बाई म्हणाल्या.

ती हसली असती, असं सांगताना मलाच हसू आलं. वर्षभरात एवढा हसलो नव्हतो. मग बाईही डोळ्यांना पदर लावून हसत राहिल्या.

फुगलेले तुकडे बाईंनी तळव्याने दाबून बसवले. चित्र पुरं झालं.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी लेक तलासरीला बसमधून उतरून रिक्षाने घरी आली. डबा घेऊन ती टेबलाशी गेली आणि कोपरा उचलला, तर चिकूचा रस वाळून तेवढा भाग पापडासारखा अख्खाच वर आला. मी सगळं सांगितलं. मग तिने डबा बाजूला ठेवला आणि प्लायवूड कुठे मिळेल, असं विचारलं.

तिघांनी मिळून चित्र हळूच फळीवर सरकवलं आणि माझ्या खोलीत नेलं. दुसऱ्या दिवशी टेबलावर पाहुण्यांच्या दोन पंगती झाल्या. तिसरीला बाई, लेक आणि मी बसलो.