मार्लिसचा निळा

अमेरिकेतल्या ॲपलटन गावात, लेबलांच्या छापखान्यात मार्लिस क्रोनिंगला शाईतलं काही शिकवायची कुणाची छाती नव्हती. चौतीस वर्षं रोज सकाळी तिचं एकच काम. यंत्रातून रंगांची पट्टी काढायची, वाळू द्यायची आणि मापकाने मोजायची. मापक प्रत्येक रंगाचे दोन आकडे देतो, एक लाल-हिरव्याचा, एक पिवळ्या-निळ्याचा. दोन्हींचे वर्ग, त्यांची बेरीज, बेरजेचं वर्गमूळ. रंग किती भरदार ते कळलं. संगणक हे चुटकीसरशी करतो, पण मार्लिस कागदावर पेन्सिलीनेही करायची. संशयी स्वभाव, दुसरं काय!

हरणांच्या शिकारीच्या हंगामातला पहिला सोमवार होता. निम्मा कारखाना रानात, आणि चीजची चाळीस हजार लेबलं दुपारपर्यंत निघायची होती. निळ्याचे आकडे आले उणे छत्तीस आणि उणे चव्वेचाळीस. वर्गमूळ सत्तावन्न. हवं होतं बासष्ट.

पट्टी तिने खिडकीशी नेली. निळा नेहमीसारखाच दिसत होता, आणि खरी भीती तीच होती. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरतोय, त्याने रंग ओळखण्यात चूक होऊ शकते. शस्त्रक्रियेने बरं होतं म्हणे. पण तिची आई तशाच टेबलावरून एक डोळा गमावून परतली होती. मार्लिसने ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. कळलं असतं तर तिला रंगांवरून उठवून खोकी बांधायला बसवलं असतं.

शाई वाढवावी, तर आकडा चुकीचा असल्यास सगळी लेबलं गडद. न वाढवावी, तर डोळा चुकीचा असल्यास फिकी. तिने तीनदा मोजलं. सत्तावन्नच.

"काय गं मार्लिस," यंत्र चालवणारा कर्ट तिथूनच ओरडला, "रानातली हरणं संपायच्या आत सुरू करायचं ना?"

"तुझं तोंड बंद झालं की लगेच!"

लेबलाचा कागद पातळ, खालचा रंग वर दिसतो आणि आकड्यात मिसळतो, म्हणून पट्टीखाली कोरे पांढरे कागद ठेवायची रीत होती. तिने पट्टी उचलून खालचाच कागद मोजला. उणे चार आणि चोवीस. वर्गमूळ चोवीसच्या वर. पांढऱ्याचं दोन-तीनच्या पुढे जात नाही.

कागद तिने डोळ्यांजवळ धरला. तिला तो स्वच्छ पांढरा दिसत होता.

गुपचूप कागद बदलला असता, तर कुणाला काही कळलं नसतं. तेवढा मोह तिला झालाच. पण उद्या कुठला उचलणार होती ती?

"कर्ट, हा कागद कुठल्या रंगाचा आहे?"

"पिवळा. ऑर्डरचा फॉर्म आहे तो, मागची बाजू." तो हसला. मग तिचा चेहरा पाहून हसायचा थांबला. "का गं?"

"पाच पांढरे कागद काढून दे मला," मार्लिस म्हणाली. "मला ओळखू येत नाहीत."