शेंदूर लागलेला मल्लखांब

समोर पंधरा तरुण रांगेत उभे आहेत, आणि ज्या खांबावर त्यांना चढवायचे तो खांबच एका रात्रीत निकामी झाला आहे. अशा वेळी तुम्ही काय कराल? चटकन उत्तर देऊ नका. मी चटकन दिले होते.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याआधीची गोष्ट. मी विशीत होतो. शहापूरच्या एका लहानशा मंडळाने मला टोकावड्याच्या पुढे, वैशाखऱ्याच्या अलीकडच्या एका गावात व्यायामवर्ग चालवायला पाठवले होते. भाताची कापणी, झोडणी आटोपली होती, माणसे मोकळी होती. महिनाअखेर वर्ग चालू दिसला तर पुढे चालवायचा, नाहीतर सामान घेऊन परत यायचे, एवढाच हुकूम होता. मला परत जायचे नव्हते. पत्रके वाचून मी वाढलो होतो. बलोपासना, स्वदेशी, देवभोळेपणावर हल्ला. त्यातली वाक्ये मला तोंडपाठ होती आणि ती खरी करून दाखवायला हे एकच गाव मिळाले होते.

सामान कमी होते. आठ लेझमी, आणि मुरबाडहून बैलगाडीत घालून आणलेला सागाचा मल्लखांब. पहिल्याच आठवड्यात एका लेझमीची साखळी तुटली. सगळ्यांना बैठका मारायला लावून तेवढ्यात मी ती तारेने जोडली. एकदा जोर काढायच्या जागेवर म्हशी बसल्या होत्या, त्या काही केल्या उठेनात. वर्ग खळ्यावर नेला. साधन बिघडले म्हणून वर्ग थांबता कामा नये, याचा मला अभिमान होता.

मल्लखांब मी गावाच्या शिवेवर, ओढ्याजवळच्या मैदानात, मऊ जमिनीत पुरला होता. रोज संध्याकाळी त्याला एरंडेल चोळायचो. कातडी सोलू नये म्हणून हे करावेच लागते.

एका सकाळी गेलो तर खांबाला माझ्या कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीवर शेंदूर. खाली फुटलेला नारळ, दोन झेंडूची फुले. पोरे लांब उभी.

"चला, सलामी घ्या, चढा खांबावर," मी म्हणालो.

कुणी हलेना. शेवटी एक जण बोलला, "मास्तर, आता त्याच्यावर पाय नाय ठेवायचा. वाघोबा झाला तो, शिवेवरचा देव."

"कुणी केला?"

"म्हातारीनं. वासरू नेलं ना तिचं वाघानं, परवा."

दुसरा हसत म्हणाला, "तुमीच तर रोज तेल लावत होतात, मास्तर. आमाला वाटलं, तुमी पन त्यातलेच."

सगळे हसले. त्या हसण्यात राग नव्हता. मला मात्र तो माझ्या सगळ्या पत्रकांचा अपमान वाटला. मी कुणाच्या तरी कमरेचा कोयता घेतला आणि सगळ्यांदेखत शेंदूर खरवडून काढला. लाकडाच्या ढलप्या निघाल्या. खरवडता खरवडता मी भाषणही केले. मागे वळून पाहिले तेव्हा रांग उरली नव्हती. कोयत्याचा मालक तेवढा थांबला होता. त्याने हात पुढे केला, कोयता घेतला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी कुणी आले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी ठरल्या वेळी मैदानात उभा राहायचो आणि मोठ्याने आकडे म्हणायचो. एक, दोन, तीन, चार. ओढ्यापलीकडून माणसे शेताकडे जायची, मान वळवायची नाहीत. एकट्याने लेझीम खेळून पाहिली. आठ लेझमींचा एक आवाज ऐकायची सवय झालेल्या कानांना तो खुळखुळाट सहन होईना. खाली ठेवली.

माझे जेवण मात्र कुणी बंद केले नाही. शाळेच्या पडवीत, जिथे मी राहत होतो, तिथे नाचणीची भाकरी आणि कालवण वेळेवर यायचे. आधी आणणारा समोर बसून गप्पा मारायचा, मुंबईत नोकरी मिळते का विचारायचा. आता तो ताट ठेवून पायरी उतरायचा. तसे मी कधी जेवलो नव्हतो. घास चावल्याचा आवाज ऐकू येत असे.

सहाव्या दिवशी ती म्हातारी मैदानात आली. खांबाला हात लावून ढलप्या निघालेल्या जागा चाचपल्या.

"देव नाय म्हनतोस?"

"नाही, आजी. लाकूड आहे."

"मंग तेल कशाला पाजत व्हतास रं लाकडाला?"

मी सांगितले. मांड्या सोलतात, चढताना जोर कसा लागतो, सगळे. तिने शांतपणे ऐकले.

"माझं घर हितं, तुज्या वाटंवर. पंधरा दिस झालं, रोज दारावरून जातोस. ह्ये मला कधी सांगितलंस?"

माझा वर्ग तरुणांचा. म्हातारीशी बोलायचे मला सुचलेच नव्हते. तिच्या डोळ्यांसमोर शिवेवर मान आणि डोके असलेला एक खांब उभा राहिला होता, त्याला रोज तेल लागत होते, आणि तिचे वासरू गेले होते. तिने दुसरे काय समजायचे?

"आजी, मी शेंदूर लावणार नाही," मी म्हणालो, "पण तुम्ही लावलात तर पुन्हा हात लावणार नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि तशीच निघून गेली. पुढे तिने शेंदूर लावलाही नाही. कोयत्याने ओरबाडलेला देव तिला नको होता.

महिनाअखेर चार जण परत आले होते. मंडळाला चार पुरेसे वाटले नाहीत. मी लेझमी बांधून शहापूरला परत आलो. खांब उपटायला मदत मागायचे धाडस झाले नाही.

लाकडात देव नसतो, हे माझे मत आजही तेच आहे. तरी वर्ग चालवणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. तुमच्या वाटेवर जे पहिले घर लागते, तिथे उद्या सकाळी जा. ओसरीवर बसा. तुम्ही काय पुरले आहे आणि कशासाठी, ते त्या घरातल्या बाईला सांगा. मग ती काय म्हणते ते पुरते ऐकल्याशिवाय उठू नका.