तीन नंबरचा टॅग

कारखान्यात तिला सगळे नाकबाई म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे आणि तिला त्याचा राग नव्हता. तिथं झाडपाल्यातून अर्क काढत. निलगिरीची पानं, पुदिना, संत्र्याची साल आणि सगळ्यात जास्त झेंडूच्या पाकळ्या. पाकळ्यांमधला पिवळा रंग डोळ्यांच्या औषधात जायचा. पाल्यातलं हवं ते सगळं अल्कोहोलमध्ये उतरलं की नाही, हे बाकीच्यांना तपासणीखोलीतून कागद आल्यावर कळायचं. नाकबाई मात्र भांड्याशी वाकून एक श्वास घ्यायची आणि सांगायची, "अजून दोन तास." कागद मागाहून येई आणि तिचंच म्हणणं खरं करून जाई.

आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि भाऊ आठ वर्षांचा. तिनं लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "एक पोर आधीच पदरात आहे, दुसरं कशाला?" भाऊ शिकला, मायक्रोवेव्हचा इंजिनियर झाला. रेडिओच्या लहरी पकडायचे आणि सोडायचे अँटेने आखणं हे त्याचं काम. घरभर तारा, तांब्याच्या पट्ट्या, भरतकाम केल्यासारखे सर्किटचे हिरवे तुकडे. ती चिडून म्हणायची, "घर आहे की मोडीचं दुकान?" आणि झाडताना त्यातला एकही तुकडा टाकायची नाही.

पुढे भावाचं लग्न झालं, मुलगी झाली, त्यानं वेगळं बिऱ्हाड केलं. मग तिच्याच मालकानं त्याला काम दिलं. पाकळ्या तीन दिवस भिजवून जे निघायचं, ते मायक्रोवेव्हनं वीस मिनिटांत काढायचं यंत्र त्यानं केलं. पेशींमधलं पाणी आतून तापतं, पेशी फुटतात आणि आतला ऐवज बाहेर येतो, असं त्यानं बहिणीला ताटातल्या वाटाण्यावर बोट दाबून समजावलं. यंत्राच्या डोक्यावर काचेची उभी नळी होती. तिच्याभोवती थंड पाणी फिरायचं, म्हणजे वर आलेली वाफ निवून परत भांड्यात पडावी. या नळीच्या वरच्या टोकाला काडेपेटीएवढा टॅग चिमट्यानं लावलेला असे. टॅगला तार नव्हती. तो दर काही सेकंदांनी तिथलं तापमान बिनतारी पाठवी. भिंतीवरच्या पाटीवर ते दिसे, आणि आकडा पन्नाशीच्या वर गेला की यंत्र आपोआप बंद पडे. अशी चार यंत्रं होती, चार टॅग होते. तिसरं नाकबाईकडे होतं.

तिला ते यंत्र आवडलं नाही. जळका वास येतो म्हणायची. भाऊ म्हणायचा, "ताई, जळलेलं काही नाही. तुझ्या नाकाला सवय नाही, एवढंच." दोघांची यावरून रोज जुंपायची, आणि संध्याकाळी दोघं एकाच छत्रीतून बसथांब्यावर जायची.

त्या उन्हाळ्यात पाणीच कोमट येत होतं. तिसरं यंत्र दिवसातून चार-चार वेळा बंद पडे. अर्धवट तापलेला माल वाया जाई, आणि सगळे तिच्याकडे बघून हसत. एका दुपारी तिचं डोकं फिरलं. तिनं टॅग वरच्या टोकावरून काढला आणि खाली, जिथून थंड पाणी नळीत शिरतं तिथल्या पाइपला अडकवला. झालं. पाटीवर 'तीन'समोर चौतीस अंश दिसायला लागले आणि यंत्र निमूट चालू राहिलं. तिला वाटलं, आजच्या दिवसापुरतं.

टॅग हलवल्यापासून चाळिसाव्या मिनिटाला, दुसरा घाणा चालू असताना, पाकळ्यांचा लगदा उकळून नळीत चढला आणि तिथंच अडकला. वाफेला वाट उरली नाही. भांड्याचं डोकं उडालं. समोर पालाकाका उभे होते. पाला निवडण्यात आणि चिरण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं, म्हणून हे नाव. उकळतं अल्कोहोल आणि लगदा त्यांच्या दोन्ही हातांवर आणि गळ्यावर आला.

माणसं धावली, पाणी ओतायला लागली. आणि त्या गडबडीत नाकबाईनं जे केलं, ते तिच्या बोटांनी केलं की तिनं, हे तिला पुढे कधी सांगता आलं नाही. तिनं पाइपवरचा टॅग काढला आणि फुटक्या नळीच्या वरच्या टोकाला परत लावला.

चौकशी झाली. टॅग जागेवर होता, तरी यंत्र बंद पडलं नाही, म्हणजे बिनतारी यंत्रणाच कुचकामी. भावानं त्या दिवसाच्या आकड्यांचा कागद मागवला. चाळीस मिनिटं चौतीस. अर्ध्या अंशाचीही हालचाल नाही. नळीच्या वरच्या टोकाला असा आकडा कधीच राहत नाही, तो सतत हलतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यानं कागदावरून मान वर करून बहिणीकडे पाहिलं. एकदाच. मग मालकाला म्हणाला, "डिझाइन माझं आहे. चूकही माझीच."

तिनं तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. त्या दिवशी म्हणाली उद्या सांगेन, आणि उद्या म्हणाली परवा.

भावाची नोकरी गेली. ज्याच्या यंत्रानं माणूस भाजला, त्याला पुन्हा कोणी डिझाइनचं काम दिलं नाही. तो घरोघरी जाऊन राउटर बसवू लागला. बहिणीकडे येणं त्यानं थांबवलं नाही, पण कारखान्याचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायचा. तिसऱ्या वर्षी छातीच्या दुखण्यानं तो गेला. चव्वेचाळीस वर्षांचा होता.

तेव्हापासून तिच्या नाकात तो वास बसला. जळक्या पाकळ्यांचा, गोडसर. उशीला यायचा, दुधाला यायचा, बसमध्ये शेजारच्या बाईच्या पदराला यायचा. यंत्राशी वाकली तर दुसरं काहीच कळेना. ती अंदाजानं "झालं" म्हणायला लागली, आणि कागद तिला खोटं पाडू लागले. तिनं कोणाला सांगितलं नाही. नाकबाईचं नाक गेलं, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

भाऊ जाऊन दोन महिने झाले होते. दुपारी तीनच्या सुमारास तिनं सहज भिंतीवर पाहिलं. अपघातानंतर तिसरं यंत्र मोडीत काढलं होतं, आणि त्याचा टॅग भाऊ खिशात घालून घेऊन गेला होता. पाटीवर 'तीन'समोर तेव्हापासून आडवी रेघ असे. त्या दुपारी तिथं सत्तावीस होते. मग एकोणतीस. एकतीस. पुन्हा तीस. हलत होता आकडा, झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसा.

तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं.

पाऊण तासानं रेघ परत आली. दुसऱ्या दिवशी तीन वाजता पुन्हा आकडे. तिसऱ्या दिवशीही. आठवडाभर ती रोज त्या वेळेला भिंतीसमोर उभी राहायची. एकदा आकडा नेमका चौतीसवर येऊन काही क्षण थांबला. तिथल्या तिथं खाली बसली ती. यंत्रावरच्या शेजारणीनं विचारलं, "काय गं, चक्कर आली?" ती म्हणाली, "कोणीतरी बोलावतंय." शेजारणीनं इकडेतिकडे पाहिलं. कोणीच नव्हतं.

शेवटी तिनं यंत्रांची देखभाल करणाऱ्या नव्या तंत्रज्ञाला भिंतीसमोर उभं केलं. त्यानं डोकं खाजवलं. "भूतबीत नाही हो, नाकबाई. टॅग जवळपास कुठंतरी चालू आहे. तीन-चारशे मीटरच्या आत."

"शोधता येईल?"

त्यानं कपाटातून एक जुना अँटेना काढला. लाकडी काठीवर लहानमोठ्या सळया, माशाचा सांगाडाच जणू. भावानंच केलेला होता. काठीच्या मुठीजवळ पट्टीनं चिकटवलेल्या कागदावर त्याच्या अक्षरात 'हे टोक पुढे' असं लिहिलेलं. तंत्रज्ञानं त्याला छोटा रिसीव्हर जोडला. "काठी फिरवा. लहरींच्या जोराचा आकडा ज्या दिशेला वाढेल, तिकडे चाला."

दुसऱ्या दिवशी तीनला ती अँटेना धरून फाटकाबाहेर पडली. पानवाल्यानं हाक मारली, "नाकबाई, टीव्ही लागत नाही का?" तिला ऐकूच आलं नाही. गोदामाची भिंत, मग सायकल दुरुस्तीचं दुकान, मग नाल्यावरचा पूल. आकडा वाढत होता. पुलापलीकडे दुमजली खोल्यांची रांग होती. टोकाच्या खोलीसमोर काठी नेली आणि आकडा आणखी वाढायचा थांबला. दार उघडं होतं.

आत पालाकाका बसले होते.

अपघातानंतर ती त्यांच्याकडे एकदाच गेली होती, दवाखान्यात, आणि उंबऱ्यावरूनच परत फिरली होती. आता त्यांची बोटं तिला दिसली. कातडी आवळून बोटं अर्धवट मिटलेली, काही धरून ठेवल्यासारखी. समोर टेबलावर एक छोटं यंत्र होतं, तिसऱ्या यंत्राचं पिल्लूच. नळीच्या वरच्या टोकाला टॅग.

"या," पालाकाका म्हणाले. ते दचकले नाहीत. "बसा. सहा मिनिटं राहिलीत."

"हे तुमच्याकडे कसं?"

"त्यानंच केलं. दर रविवारी, कारखान्याला सुट्टी असताना, हे घेऊन यायचा. झाकण मला मनगटानं लावता यावं म्हणून तीनदा मोडून नव्यानं बनवलं. कमीत कमी उष्णतेत पाकळ्या पूर्ण रंग कशा सोडतील, ते त्याला काढायचं होतं. चाळीस वेळा करून बघायचं ठरलं होतं. एकोणतीस झाल्या आणि तो आजारी पडला. त्याच्या बायकोनं हे सामान गेल्या महिन्यात आणून दिलं. चिठ्ठी होती, काकांना द्या म्हणून. तर म्हटलं, राहिलेल्या आपण करू. एकेक नीट साधायला मला आठवडा लागतो, तोवर रोज तीच करून बघतो." त्यांनी वहीकडे मान वळवली. अक्षरं वाकडीतिकडी, पण एक ओळ चुकलेली नव्हती.

यंत्र थांबलं. पालाकाकांनी नवा पाला भरला, मनगटानं झाकण दाबलं आणि टॅग तिच्यापुढे केला.

"तुम्ही लावा."

तिला तो हातात धरवेना. चिमटा दोनदा निसटला.

"वरच्या टोकाला," ते शांतपणे म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"मी समोरच उभा होतो बाई त्या दिवशी," पालाकाका म्हणाले. "तुमचे हात दिसत होते मला. आधीही आणि नंतरही."

तिनं टॅग नळीच्या वरच्या टोकाला अडकवला.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणारच होतो. तो दवाखान्यात आला. माझ्या उशाशी बसून लहान मुलासारखा रडला. म्हणाला, काका, तिनं मला वाढवलंय. मला दुसरीकडे काम मिळेल, तिला या वयात कोण ठेवेल? मी म्हटलं, माझे हात गेले त्याचं काय? तर म्हणाला, तुमच्या हातांचं मी बघतो." पालाकाकांनी मनगटानं वही मिटली. "त्याचा शब्द त्यानं पाळला. मी माझा पाळला. पण माफ केलं असं समजू नका. रोज सकाळी बटण लावताना तुमची आठवण येते."

ती उठली. म्हणाली, "मी सांगते सगळ्यांना."

"त्याला आता उपयोग नाही," पालाकाका म्हणाले. "पण सांगा."

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं दोन पानं लिहून मालकासमोर ठेवली. मालकानं वाचली, चष्मा काढला. "मिटलेलं प्रकरण कशाला उकरता?" तो म्हणाला. तिनं पानं परत घेतली नाहीत. ती चौकशीच्या फायलीत लागेपर्यंत टेबलासमोरून हलली नाही. मग घरी जाऊन बस, असं सांगण्यात आलं. तिला ते हलकंच वाटलं.

भावजयीकडे जाणं अवघड होतं. दारातच सगळं सांगितलं. भावजय ओल्या हातांनी ऐकत राहिली, हात पुसायचे विसरली.

"तीन वर्षं मी त्याला टोचून टोचून विचारलं, कुठं चुकलास ते एकदा सांग," ती शेवटी म्हणाली. "हसायचा नुसता. मी त्याला बेफिकीर म्हटलं हो, ताई. शेवटच्या आठवड्यातसुद्धा म्हटलं."

"माझ्यामुळे."

"हो. तुमच्यामुळे." भावजयीनं दार अर्धं लोटलं. "आत बोलवणार नाही मी तुम्हाला. पण लेकीला हे तुम्हीच सांगायचं. बापाचं नाव काढलं की ती खोलीतून उठून जाते. मी सांगितलं तर तिला वाटेल, आई पांघरूण घालतेय."

भाची वीस वर्षांची. इंजिनियरिंगला प्रवेश मिळत असून तिनं घेतला नव्हता. ती जिन्यात येऊन पायरीवर बसली आणि आत्या दोन पायऱ्या खाली. नाकबाईनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कोमट पाणी, लोकांचं हसणं, चिमटा, पाइप. काहीच गाळलं नाही. पोरगी रडली नाही, ओरडली नाही. फक्त विचारलं, "म्हणजे टॅग बरोबरच सांगत होता?"

"अगदी बरोबर. जिथं लावला, तिथलं सांगत होता."

"आणि बाबांना माहीत होतं."

"कागद पाहिला त्याच मिनिटाला."

भाचीनं गुडघ्यांत तोंड घातलं. तशीच म्हणाली, "आत्या, तू आता जा. मला तुझ्याकडे बघवत नाही." आणि नाकबाई कठड्याला धरून दोन जिने उतरली असेल, तेवढ्यात वरून आवाज आला, "पालाकाकांचं घर कुठं आहे?"

तिनं पत्ता सांगितला, पुलापलीकडची रांग, टोकाची खोली. पावलं आत गेली.

त्यानंतर भाची तिच्याशी बोललेली नाही. ती पुलापलीकडे जाते एवढं पानवाल्याकडून कळलं. नाकबाई आता घरीच असते. वास गेलेला नाही. सकाळी दूध तापत ठेवते, तेव्हा येतो. ती गॅस बारीक करते आणि पातेल्याशी उभी राहते, आकडा बघावा तशी दुधाकडे बघत.