आईनं नाव न घेतलेले राजे

चौथीत आमच्या इतिहासाच्या पुस्तकात एकाच नावाचे दोन राजे होते, एक आजोबा आणि दुसरा त्यांचा नातू. आजोबांच्या लढाया आम्ही खुशाल नातवाच्या गळ्यात घालायचो आणि गुरुजींच्या छड्या खायचो.

औंढ्याला घरी आई भाकरी थापायची आणि मी तिच्याजवळ बसून मोठ्यानं धडा वाचायचे. आईला अक्षर येत नव्हतं, पण धडा पाठ झाला का ते तीच बघायची. अडचण एकच होती. माझ्या वडिलांचं नावही तेच होतं, आणि नवऱ्याचं नाव ती तोंडातून काढणार नव्हती.

"गड राखला त्यो, का गड घालवला त्यो?" ती विचारायची. मी नुसतं नाव सांगितलं की चिडायची. "नाव नगं सांगू. केलं काय त्ये सांग."

नाव घेतलं तर काय जीभ झडते का, असं मी तिला एकदा म्हणालेही होते. पण परीक्षेत दोन्ही राजे बरोबर लिहिणारी वर्गात मी एकटीच निघाले.

वडील जवळच लोणावळ्याला रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकायचे. दुसरं महायुद्ध चालू असताना ते वारले. त्यांच्या नोकरीचे कागद आणायला आई आणि मी रेल्वेच्या कचेरीत गेलो. मी नाव सांगितलं.

"या नावाचे आमच्याकडे तिघं आहेत," कारकून म्हणाला. "तुमचे कोणते?"

आई पदर सावरत पुढं झाली.

"औंढ्यात पोरीला साळंत घातलं, त्ये."