एक तास चौतीस मिनिटांवर थांबलेला सिनेमा

निघोज्याच्या एका प्रेस शॉपमध्ये ज्योतीराम बावीस वर्षं डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बसवतोय. शिफ्टचा भोंगा झाला की काम आहे तिथं सोडायचं, वहीत लिहायचं आणि घरी जायचं. डाय काही पळून जात नाही, ही त्याची श्रद्धा. याच श्रद्धेनं विमानात त्याचा घात केला.

नवीन मशीन बघायला कंपनीनं त्याला पंधरा दिवस कोरियाला धाडलं. समोरच्या सीटच्या पाठीत टीव्ही. पहिला अर्धा तास त्यानं त्याचे स्क्रू शोधण्यात घालवला, मग जेवून झोप काढली आणि उतरायला दोनेक तास राहिले तेव्हा एक हिंदी सिनेमा लावला. एक म्हातारी घर विकायला काढते. गिऱ्हाईक येतं, तो निघतो तिचाच रुसून गेलेला मुलगा. म्हातारीला धड दिसत नाही, मुलगा तोंड उघडत नाही. ज्योतीराम पार पुढं सरकून बसला, आणि तेवढ्यात हवाई सुंदरी हेडफोन गोळा करत आली. यानं शहाण्यासारखा काढून दिला आणि डायरीत लिहिलं : १ तास ३४ मिनिटं. बाकी काम परतीला.

मुक्कामावर पोचल्यावर व्हिडिओ कॉलवर त्यानं तेवढा सिनेमा बायकोला, कुसुमताईंना, रंगवून सांगितला. त्याला कारण होतं. सेकंड शिफ्टपायी याची मालिका बुडायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहासोबत कुसुमताई तो भाग सांगायच्या. अठरा वर्षं, एकही न चुकवता. आता पहिल्यांदाच त्यांनी न पाहिलेलं काहीतरी याच्याजवळ होतं.

"ओळखते का हो ती पोराला?"

"येताना बघतो आणि पुरा सांगतो. शब्द दिला."

परतीच्या विमानात बसल्या बसल्या त्यानं सिनेमा शोधला. नव्हता.

"सर, एक तारखेला लिस्ट बदलते," हवाई सुंदरी गोड हसून म्हणाली.

"अहो, पण माझं काम अर्धं होतं!"

"राव, डाय वाटली का तुला ती?" शेजारी बसलेला, त्याच्याच लाइनवरचा रविराज म्हणाला. "लाव दुसरा."

दुसरा त्यानं लावला नाही. मुंबईपर्यंत स्वतःच शेवट जुळवत बसला.

गुरुवार, सुट्टीचा दिवस. चिखलीच्या घरी चहा समोर आला. कुसुमताई मांडी घालून बसल्या. "हं. सांगा."

"ओळखते. आवाजावरून."

"पोरगा तर बोलत नव्हता म्हणालात."

"तो... खोकतो."

"आणि घर?"

"घर राहतं मग."

कुसुमताईंनी टक लावून पाहिलं. "बशी ठेवा खाली. आणि खरं काय ते सांगा."

ज्योतीरामनं बशी ठेवली आणि एक तारखेचं सगळं खरं सांगून टाकलं. "शब्द मोडला गं," म्हणत मान खाली घातली.

कुसुमताई हसत सुटल्या. "अहो, मी तरी कुठं सगळे भाग बघत होते? कधी लाईट जायची, कधी आपल्या दीक्षाचा अभ्यास. निम्मे भाग माझ्या मनाचे!"

ज्योतीराम बघतच राहिला. "म्हणजे मालिकेतली ती धाकटी जाऊ विहिरीत पडून मेली, ते?"

"मला नव्हती आवडत ती."

"दोन दिवस मला जेवण गेलं नव्हतं, कुसुम!"

"म्हणून तर तिच्यासारखी दिसणारी बहीण आणली ना." कुसुमताईंनी त्याचा गार झालेला चहा परत गरम करायला घेतला. "ते खोकणं काढा. म्हातारी त्याला दारातच पावलांवरून ओळखते, पण बोलून दाखवत नाही. उलट घराची किंमत वाढवून सांगते."

"का?"

"मनात म्हणते, बघू तरी, किती रुसलाय ते."