‘देवकृपा’चं पॅनल रेजिनने जोडलं

पास्कूचा फोन आला तेव्हा मी चहाचं आधण ठेवून खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. पास्कू म्हणजे माझी मैत्रीण रेजिन हिचा धाकटा भाऊ. पाचूबंदरला त्याची मासेमारीची बोट आहे, ‘देवकृपा’. तो म्हणाला, “सुनंदाताय, बाय गेली.” रेजिनला तो बाय म्हणायचा. मी गॅस बंद करून निघाले. दुपारी चर्चमध्ये मिस्सा झाली, दफन झालं, आणि मग घरी परतल्यावर ओसरीत बसलेल्या बायका एकमेकींना सांगू लागल्या, सुटली बिचारी. चांगल्या मनानेच म्हणत होत्या त्या. पण मला ते सहन झालं नाही. मी उठून अंगणात गेले. आज पाच आठवडे झाले, तरी तो राग गेलेला नाही. रेजिन बिचारी नव्हती आणि तिला सुटायचंही नव्हतं. तिला आणखी जगायचं होतं, त्यासाठी ती शेवटच्या दिवसापर्यंत भांडत होती, आणि त्या भांडणात ती एक काम असं करून गेली की ते सांगितल्याशिवाय मला गप्प बसवत नाही.

आमची ओळख वसई पूर्वेच्या एका कारखान्यातली. मी लग्न होऊन सांगलीकडून इथे आले आणि दोन वर्षांत त्या कारखान्यात लागले. आमच्याकडे मोठमोठ्या मशीनची इलेक्ट्रिक पॅनल तयार व्हायची, आणि त्यांच्या आतलं वायरिंग आम्ही बायका करायचो. रेजिन माझ्याआधीपासून तिथे होती. बारीक अंगाची, लग्न न केलेली, डब्यात रोज सुकी मासळी आणणारी आणि कुणी नाक मुरडलं तर आणखी जवळ सरकून बसणारी. तिनेच मला काम शिकवलं. वायरीचं टोक किती सोलायचं, त्यावर तांब्याची टोपी, म्हणजे लग, कशी दाबून बसवायची, स्क्रू आवळल्यावर वायर ओढून कशी बघायची. तिने ओढून बघितलेली वायर कधी सुटली नाही. एकदा गाडी दारात उभी असताना तिला एका पॅनलमध्ये दोन सांधे सैल सापडले. सुपरवायझर म्हणाला, जाऊ दे, तिकडे गेल्यावर बघतील. रेजिनने पॅनलचं दार उघडलं, ती त्याच्यासमोर स्टूल टाकून बसली आणि सगळी रांग पुन्हा आवळून झाल्यावरच उठली. ड्रायव्हर दोन वेळा चहा पिऊन आला. एकोणीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसलो. मग कारखाना दुसरीकडे गेला, आम्ही घरी बसलो, पण आमचं येणंजाणं राहिलं. त्यानंतर काही वर्षांनी तिच्या पोटात गाठ निघाली.

ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली, आणि त्याच उन्हाळ्यात ‘देवकृपा’ बुडता बुडता वाचली. पास्कू आणि चार खलाशी भर समुद्रात होते. डोलकाठीवरच्या दिव्याची वायर कुठेतरी घासून उघडी पडली, शॉर्टसर्किट झालं आणि फ्यूज उडाला. सगळ्या बोटीला तो एकच फ्यूज होता. दिव्याबरोबर तळातलं पाणी उपसणारा पंपही बंद पडला, आणि पंप चालू आहे की बंद हे सांगणारं काहीच समोर नव्हतं. इंजिनाच्या पट्ट्यावरून पाणी उडायला लागलं तेव्हा कळलं. पाचही जण बादल्यांनी, मासळीच्या क्रेटांनी पाणी उपसत राहिले, दुसऱ्या बोटीने दोर टाकून ओढून आणेपर्यंत.

रेजिन दुसऱ्या दिवशी डोक्याला स्कार्फ बांधून बोटीपाशी गेली. तिने स्विचचा बोर्ड काढून घरी आणवला आणि मला बोलावून दाखवला. वायरी नुसत्या पिळून टेप मारलेल्या. टेप सोलला की आतलं तांबं हिरवंगार, हात लावला की भुगा. खारी हवा अशा कामाला सोडत नाही. ती म्हणाली, हे सगळं मी नवीन करणार.

घरातून विरोध झाला. पास्कूचे चुलते इनासकाका यांची स्वतःचीही बोट आहे. ते म्हणाले, बाईमाणसाने होडीवर चढून काम केलेलं आपल्याकडे कधी झालेलं नाही, आणि त्यातून आजारी बाईने. पास्कूलाही ते पटत नव्हतं. त्याचं कारण वेगळं होतं, त्याला बहिणीची काळजी होती. तो म्हणाला, आधी बरी हो, मग बघू. तेव्हा रेजिन म्हणाली, “मी बरी होयपर्यंत पानी थांबनार हाय का?” इनासकाका उठून गेले.

खरी अडचण तिने मला एकटीला सांगितली. केमोने तिच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. वायर हातात आहे की नाही हे बघितल्याशिवाय कळत नव्हतं. तिने दोन्ही हात माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, “डोकं माझं हाय. बोटं तू दे.” माझे गुडघे दुखतात, मला पोहता येत नाही, बोटीवर मी जन्मात चढले नव्हते. पण त्या हातांना नाही कसं म्हणणार...

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. ‘देवकृपा’वर प्लास्टिक ताणलं होतं, त्याखाली रेजिन उलट्या क्रेटवर बसायची आणि मी तिच्या सांगण्यावरून बोटीच्या तळात वाकायचे. डिझेल आणि कुजक्या मासळीचा वास अंगाला चिकटायचा. तिने दोन पंप घ्यायला लावले. एक अगदी तळाला, दुसरा वीतभर वर, म्हणजे पहिला कमी पडला तर दुसरा लागेल. पाणी चढलं की तरंगून वर येणारा स्विच प्रत्येकाला वेगळा, फ्यूज वेगळा, आणि चालू झाल्याचं सांगणारा लाल दिवा वेगळा. खलाशांचं म्हणणं होतं की घरी जाताना एका मुख्य स्विचने सगळं बंद व्हावं, बॅटरी वाचते. रेजिनने ऐकलं नाही. पंप थेट बॅटरीवर राहतील, तिने सांगून टाकलं, मालक घरी झोपला तरी पंप जागा पाहिजे.

आमचं भांडणही झालं. मी बसवलेला एक लग तिने ओढून बघितला, तो निघाला, आणि तिने खलाशांसमोर मला सगळी वायर कापून नव्याने करायला सांगितली. पन्नाशी उलटलेली बाई मी, चार तास वाकून पाठ मोडलेली. मी पक्कड तिथेच टाकली आणि घरी आले. दोन दिवस फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी दाराची बेल वाजली. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, मी तिसऱ्या मजल्यावर राहते. रेजिन प्रत्येक वळणावर बसत बसत वर आली होती. तिला धाप लागली होती, ओठ पांढरे पडले होते. खुर्चीत टेकल्यावर म्हणाली, “लग सैल होता, हे खरं. तुझ्याबिगर मना जमत नाय, हे पन खरं.” माफी तिने मागितली नाही, मीही नाही. आम्ही चहा घेतला आणि रिक्षा करून पाचूबंदरला गेलो.

बोटी पाण्यात जायच्या आठवडाभर आधी चाचणी घेतली. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बोटीच्या तळात पाइपने पाणी सोडलं. आजूबाजूची माणसं जमली. पाणी चढलं, पहिला लाल दिवा लागला आणि बोटीच्या कुशीतून धार इतक्या जोरात बाहेर आली की बघे मागे सरले. मग रेजिनने पहिल्या पंपाचा फ्यूज स्वतःच्या हाताने उपटून काढला. पाणी पुन्हा चढायला लागलं. वीतभर चढलं आणि दुसरा दिवा लागला. पाऊस भुरभुरत होता. इनासकाका पुढे आले आणि त्यांनी आपली छत्री रेजिनच्या डोक्यावर धरली.

नोव्हेंबरात ती पुन्हा हॉस्पिटलात होती. गाठ दुसरीकडे पसरली होती. डॉक्टरांनी तिला सगळं स्पष्ट सांगितलं होतं, तिनेच सांगायला लावलं होतं. मी शेजारी बसले असताना पास्कूचा फोन आला. तरंगत आलेला लाकडाचा ओंडका बोटीला लागून एक फळी फुटली होती. पाणी आत येत होतं, पण पंप ते बाहेर टाकत राहिले आणि पाचही जण आपल्या इंजिनावर बंदराला लागले होते. पास्कू रडत होता. त्याने फोन बोटीच्या कुशीकडे धरला, आम्हाला धारेचा आवाज ऐकू आला. रेजिनने डोळे मिटून ऐकला. मग तिने विचारलं, एक दिवा लागला होता की दोन्ही? दोन्ही, पास्कू म्हणाला. रेजिनच्या कपाळाला आठी पडली. एवढं पाणी पहिल्याने एकट्याने काढायला हवं होतं, तिने सांगितलं, त्याच्या तोंडावरच्या जाळीत काहीतरी अडकलंय, आधी ते बघ. आणि खरंच, जाळ्याचे नायलॉनचे धागे निघाले.

त्यानंतर ती सहा आठवडे होती. बिचारी म्हणायला कुणाला तिने त्या सहा आठवड्यांतही जागा दिली नाही. नर्सने चुकीच्या बाजूला सुई लावली की सांगायची, फादर प्रार्थनेला आले की मागायची ते आयुष्यच, शांत मरण नाही.

परवा पास्कूच्या बायकोने मला बोलावलं, खोली तशीच आहे, तुम्हीच काय ते बघा म्हणाली. खिडकीपाशी टेबल होतं, त्यावर मोठा कागद चिकटपट्टीने लावलेला. दुसऱ्या कुठल्यातरी बोटीचं वायरिंग होतं ते, पेन्सिलीने काढलेलं, रेघा थोड्या थरथरलेल्या. खाली बोटीचं नाव होतं आणि कंसात ‘इनासकाका’. मला तिने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आमच्या धंद्यात कागदावर प्रत्येक वायरीला नंबर देतात, तोच मग वायरीच्या दोन्ही टोकांना घालतात. रेजिनचे नंबर शेहेचाळीसपर्यंत आले होते. पुढच्या वायरी नुसत्या रेघा होत्या.

मी खुर्ची ओढून बसले. चष्मा लावला, पेन्सिलीला टोक केलं, आणि पुढच्या रेघेवर सत्तेचाळीस लिहिलं.