रघू अण्णाचे न वापरलेले बूट

माझ्या भावाच्या मरणात माझा काही दोष नाही, असं सगळे म्हणतात.
वर्षभर मीही तेच म्हणत आलो.

आज अण्णाचं वर्षश्राद्ध झालं. कुंभकोणमला, मेलकावेरीच्या आमच्या घरी बसून हे लिहितोय.

रघुनाथ, माझा थोरला भाऊ. वय एकोणपन्नास. पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं त्याचं. मी नोकरीसाठी पुण्याला गेलो आणि डोंगर चढायला लागलो. तो इथेच राहिला. फ्रीज उघडला की येते तेवढीच थंडी त्याला माहीत.

त्याला एकदा बर्फ बघायचा होता.
एवढंच.

सात वर्षांपूर्वी आमचा विंटर ट्रेक ठरला होता. मी पुण्याहून त्याला ट्रेकिंगचे बूट पाठवले. भारीतले, घोट्याच्या वरपर्यंत येणारे. मग आई आजारी पडली आणि ट्रेक राहिला. बूट खोक्यासकट माळ्यावर गेले.

मागच्या थंडीत त्याचा फोन आला. आई तोवर गेली होती.
"आता जाऊंया रे. गुडघे आहेत तोवर."

मी गिअरची लिस्ट पाठवली. थर्मल, फ्लीस, डाऊन जॅकेट, वॉटरप्रूफ ग्लोव्हज, गेटर्स, लोकरीचे मोजे चार जोड. आठवड्याभरात त्याचा मेसेज: "अस्कं घेतलं. बूट आहेतच." अस्कं म्हणजे सगळं; पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या आमच्या घरातली ही मराठी.

सकाळी पाठीवर सॅक घेऊन कावेरीच्या काठाने चालायचा. पायात रोजच्या चपला. बूट नवे राहू देत, म्हणायचा. चहावाला विचारायचा, "एन्ना सार, इमयमलैया?" काय साहेब, हिमालय का? अण्णा लाजून हसायचा.

निघायच्या चार दिवस आधी वहिनीचा फोन आला. जानकीवहिनी कामाशिवाय फोन करत नाही.

"बुटांखाली काळा चुरा पडतोय," ती म्हणाली. "काल झाडला, आज पुन्हा तेवढाच."
"माळ्यावरची धूळ असेल."
"धूळ नाही रे. हाताला चिकटतंय. हिंगडे घरी येऊन बघितलं असतंस तर कळलं असतं."
"वहिनी, एकदाही घातले नाहीत ते. नवेकोरे आहेत. पुसून घे."

मी फोन ठेवला.

उत्तराखंडातल्या शेवटच्या गावात आमचा गाइड दिवानसिंग सगळ्यांचं सामान बघत होता. त्याने अण्णाच्या बुटाच्या सोलमध्ये अंगठा दाबला. खळगा पडला. तो भरून आला नाही.

"कितने साल पुराना है?"
मीच म्हणालो, "नया है. पहना ही नहीं."
"किराये का ले लो, साब."

भाड्याच्या बुटांत अण्णाच्या मापाचा जोड नव्हता. खालच्या गावातून मागवायचा म्हणजे एक दिवस जाणार होता. माझी रजा मोजून होती.
अण्णाने माझ्याकडे बघितलं. "तू सांग. मला यातलं काय कळतंय?"

मी म्हणालो, "चालतील."

वर पोचलो तेव्हा आभाळ निळंशार होतं. अण्णाने ग्लोव्ह काढून बर्फ मुठीत धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. बोटं बधिर होतील म्हणून मी ओरडलो. तो म्हणाला, "होऊ दे रे."

तो फोटो माझ्याकडे आहे. इथे टाकवत नाही.

उतरताना अर्ध्या तासात त्याच्या डाव्या पायातून फट-फट आवाज यायला लागला. सोल पुढून सुटून लोंबत होता. आतला फोम बोटाने खरवडला तर ओल्या मातीसारखा निघाला.

दिवानसिंगने दोरीने बांधला. ढग खालून वर येत होते. थोड्या वेळाने उजवाही गेला.

"ये जूता मर गया है, साब," तो हळूच म्हणाला. अण्णाला ऐकू जाऊ नये म्हणून.

सोलच नाही म्हटल्यावर बर्फावर घसरू नये म्हणून बुटाखाली चढवायचे स्पाइक्स कशावर बसणार? बर्फ आत शिरला, मोजे भिजले. बदलले. तेही भिजले. अण्णा बोलायचा बंद झाला. एरवी दुकानात मोटारीशीसुद्धा बोलणारा माणूस.

पुढे उताराला आडवी जाणारी अरुंद वाट होती. बर्फ काचेसारखा. दिवानसिंग पुढे कुऱ्हाडीने पायऱ्या खणत होता, मधे अण्णा, मागे मी. अण्णाच्या सॅकचा पट्टा माझ्या हातात होता.

माझा ग्लोव्ह निसटायला लागला. तो ओढून घ्यायला मी पट्टा सोडला.

अण्णा ओरडलाही नाही. ढगात गेला.

त्याच्यापर्यंत उतरायला आम्हाला तास लागला. जिवंत होता. मी त्याचे पाय माझ्या जॅकेटमध्ये घेतले. त्याने विचारलं, "तू पडलास काय रे?"
"नाही अण्णा."
"बरं."

स्ट्रेचर येईपर्यंत तो राहिला नाही.

नंतर पुण्यात बूट दुरुस्त करणाऱ्या एकाने सांगितलं: असले सोल दमट हवेत पडून पडून आतून कुजतात. न वापरता ठेवले तर नक्कीच.

घरी, नातेवाइकांत, मी एकच सांगितलं. पाय घसरला. वहिनीच्या फोनबद्दल कुणाला बोललो नाही. तीही बोलली नाही. वर्षभर माझ्याशी एक शब्द नाही.

आज भटजी गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो.
"वहिनी, तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही."

ती पाठमोरी होती.
"तू ते विसरलास, असं वाटलं होतं मला," ती म्हणाली. "विसरला असतास तर ह्या घरात पुन्हा जेवू घातलं नसतं."

मग वळली. डोळे कोरडे होते.
"बस. पान वाढते. आणि हे अस्क्यांना सांग. मी एकटीने किती दिवस धरून ठेवू?"

म्हणून सांगितलं.

माफी मागायला तू नाहीस, अण्णा. तुला नमस्कार करतो. नीट जा.